टर्बो गाडीला किती इंची एक्झॉस्ट पाइप? मोजून ठरवायची पद्धत

जुलै महिन्यात ऐरोलीचा एक मुलगा तुर्भ्याच्या आमच्या शेडमध्ये गाडी घेऊन आला. १.२ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, १२० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागे तीन इंची पाइप नुकताच टाकून घेतलेला. पार्किंगच्या उतारावर पाइप घासत होता, ठाणे-बेलापूर रोडला ८० च्या वेगात केबिनभर घुमत होता, आणि पिकअप जिथे होता तिथेच होता. "काका, एवढे पैसे घातले, मग गाडी पळत का नाही?" हा त्याचा प्रश्न.

रॅम्पवर घेऊन पाइप उतरवला आणि मागच्या ॲक्सलवरून जाणारं वाकण करवतीने आडवं कापलं. सरळ भागात आतून ७३ मिलिमीटर भरत होते. वाकणात, जिथे पाइप दाबून वाकवला होता, तिथे व्हर्निअर (व्यास मोजायचा कॅलिपर) ५५ वर थांबला. आतल्या बाजूला सुरकुत्या, बोट फिरवलं तर कडा लागत होत्या. म्हणजे पैसे तीन इंचीचे गेले आणि वायूला वाट मिळाली अडीच इंचीपेक्षा थोडी जास्त. त्यातही गंमत नाही, दुःखच आहे, कारण या गाडीला अडीच इंचीचीही गरज नव्हती.

व्यास अंदाजाने किंवा मित्राच्या गाडीकडे बघून ठरवला की असं होतं. खाली मी जी पद्धत देतोय ती कुठल्याही टर्बो गाडीला चालते. कॅल्क्युलेटर, व्हर्निअर आणि एक साधा प्रेशर गेज एवढंच लागतं.

बॅक प्रेशर लागतो, हे आधी डोक्यातून काढा

धुराच्या वाटेत थोडा अडथळा, म्हणजे बॅक प्रेशर, हवाच असं म्हणतात. पण टर्बोची टर्बाइन, म्हणजे धुरावर फिरणारं चाक, फिरते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी, तितका टर्बाइनला वायूतून जास्त ताकद काढता येते आणि बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, लवकर भरतो. त्यामुळे टर्बाइनच्या मागे मुद्दाम अडथळा ठेवण्यात काहीच फायदा नाही. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात हेडरच्या, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर आणणाऱ्या, नळ्यांची लांबी आणि वायूचा वेग यांचा सिलिंडर रिकामा होण्याशी थेट संबंध असतो. बारीक पाइपने खालच्या आरपीएमला टॉर्क चांगला मिळतो, तो अनुभव तिथला. टर्बाइनची पाती त्या दाबाच्या लाटा बऱ्याचशा मोडून टाकतात, म्हणून तो हिशेब टर्बोच्या मागच्या पाइपला लावायचा नसतो.

मग सरळ सगळ्यात मोठा पाइप का नाही? कारण एका मर्यादेनंतर मोठ्या पाइपने दाब जवळजवळ कमीच होत नाही, पण वजन, आवाज आणि जमिनीला घासणं मात्र वाढत राहतं. ती मर्यादा शोधायची आहे.

कापण्याआधी दाब मोजा

हे काम लोक टाळतात, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. बीएस ६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टर्बोला अगदी चिकटून बसवलेला असतो. त्यामुळे अडथळा दोन ठिकाणी असू शकतो: कॅटमध्ये किंवा त्याच्या मागच्या पाइपात. दोन्ही वेगळे मोजायचे.

कॅटच्या आधीची जागा म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं भोक. त्याचे आटे साधारणपणे एम १८, दीडच्या पिचचे असतात. त्यात अडॅप्टर घालून मीटरभर ब्रेक लाइनची धातूची नळी जोडायची आणि तिच्या पुढे सिलिकॉनची नळी. सिलिकॉन थेट जोडला तर जळतो. गेज शून्य ते एक बारचा घ्या. सहा बारच्या गेजवर काटा हललेलाही कळत नाही. कॅटच्या मागे पाइपवर एक बॉस (आटे पाडलेली छोटी बुश) वेल्ड करून घ्या, मोजून झालं की त्याला बोल्टने बंद करता येतं.

जागेवर उभ्या गाडीत २५०० आरपीएमला कॅटच्या आधी ०.१ बारच्या वर दाब दिसला तर कॅट चोंदल्याची शंका घ्यायची. खरी परीक्षा पूर्ण थ्रॉटलला असते, आणि ती डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) करा. सेन्सर काढलेली गाडी पाम बीच रोडला दामटणं धोक्याचं आहे, तुमच्यासाठी आणि शेजारच्या लेनमधल्या माणसासाठीही. डायनोवर काही सेकंदांचा एकच पल्ला पुरतो, आणि ट्यूनिंगचा जाणकार सोबत असावा, कारण पुढचा सेन्सर नसताना इंजिन पेट्रोलचा हिशेब अंदाजाने करतं.

आकडे कसे वाचायचे? पूर्ण जोरात कॅटच्या मागचा दाब ०.१५ बारच्या आत असेल, तर रोजच्या गाडीचा पाइप मी बदलत नाही. ०.३ च्या वर असेल तर पाइप किंवा सायलेन्सर खरोखरच अडवतोय. ऐरोलीच्या त्या गाडीत कॅटच्या आधी ०.३० होता आणि कॅटच्या मागे ०.०४. म्हणजे जवळजवळ सगळा अडथळा कॅटमध्ये. मागे तीन इंची लावला काय नि पाच इंची लावला काय, त्या ०.३० मधला फारसा काही हलणार नव्हता.

वायू किती वाहतो ते काढा

पाइपचा आकार इंजिनच्या सीसीवर ठरत नाही, वायूच्या वस्तुमानावर ठरतो. पेट्रोल टर्बोला इंजिनच्या पीएसला ०.८ ने गुणलं की दर सेकंदाला किती ग्रॅम वायू बाहेर पडतो ते कळतं. १२० पीएसला ९६ ग्रॅम. यात हवा आणि जळलेलं इंधन दोन्ही आलं. डिझेल जास्त हवा खातं, म्हणून तिथे पीएसला एकने गुणा: ९० पीएसच्या डिझेलला ९० ग्रॅम. गाडीत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) ग्रॅम प्रति सेकंद थेट दिसतं. तो आकडा फक्त हवेचा असतो, पेट्रोल गाडीला त्यात आठ टक्के मिळवा.

आज गाडी कितीची आहे त्यापेक्षा उद्या रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) कितीची होणार आहे, त्यावर हिशेब करा. पण ते 'उद्या' खरं असू दे. स्वतःला विचारा, पुढच्या वर्षभरात मी नक्की करणार आहे का? मोठ्या टर्बोचं स्वप्न बघत तीन इंची पाइप घेऊन फिरणारे मी खूप पाहिलेत.

आता वस्तुमानावरून आकारमान. वायू तापला की फुगतो. ६०० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम वायू साधारण अडीच लिटर जागा घेतो, ४०० अंशाला १.९ लिटर. टर्बोजवळचा तुकडा पहिल्या हिशेबात बसतो आणि गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा पाइप दुसऱ्या. म्हणून एकच व्यास पुढून मागपर्यंत लावायची काही गरज नसते. पुढे मोठा, मागे अर्ध्या किंवा पाव इंचाने लहान, ही रचना वायूला अडवत नाही आणि मागच्या बाजूला जागाही वाचवते.

वेग शंभरच्या आसपास ठेवा

पाइपातला वायू सेकंदाला १०० मीटरच्या आसपास ठेवायचा, हा माझा ठोकताळा. थोडा वर गेला तर बिघडत नाही, १३० च्या पुढे गेला तर पुढचा आकार घ्या. याचं कारण साधं आहे: वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. आणि तेवढाच वायू जाणार असेल तर सरळ पाइपचा अडथळा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. दोन इंचीचा अडीच इंची केला की अडथळा एक तृतीयांशापेक्षाही कमी उरतो. म्हणून पहिल्या अर्ध्या इंचाचा फायदा मोठा असतो आणि त्यानंतरच्या अर्ध्या इंचाला विशेष काही कमी करायला उरलेलंच नसतं.

दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपची आतली वाट अशी:

दोन इंची: ४७.८ मिमी, १७९५ चौरस मिमी
सव्वादोन इंची: ५४.२ मिमी, २३०० चौरस मिमी
अडीच इंची: ६०.५ मिमी, २८७५ चौरस मिमी
पावणेतीन इंची: ६६.९ मिमी, ३५१० चौरस मिमी
तीन इंची: ७३.२ मिमी, ४२१० चौरस मिमी

१२० पीएसची गाडी घ्या. ९६ ग्रॅमला १.९ ने गुणलं तर १८२ लिटर प्रति सेकंद. दोन इंचीतून हा वायू सेकंदाला १०१ मीटर वेगाने जातो. झालं, मागचा पाइप दोन इंची. टर्बोजवळ ९६ गुणिले अडीच म्हणजे २४० लिटर, तिथे दोन इंचीत वेग १३४ होतो आणि सव्वादोन इंचीत १०४. म्हणून पुढचा तुकडा सव्वादोन.

चार सिलिंडरची १.५ लिटर टर्बो पेट्रोल, जी कंपनीतून १५० पीएसची येते आणि रिमॅप करून समजा १८० ची केली, तिच्यात १४४ ग्रॅम वायू. मागे २७४ लिटर, म्हणजे अडीच इंचीत ९५ मीटर. पुढे ३६० लिटर, म्हणजे पावणेतीन इंचीत १०३. आणि २५० पीएसच्या आसपास पोहोचलात की मागेपुढे तीन इंची शोभतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर धावणाऱ्या एक लिटरच्या टर्बो गाड्या १०० ते १२० पीएसच्या आहेत. त्यांना तीन इंची लावायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

कायद्याची बाजू, पाना हातात घेण्याआधी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० (२), २०१९ च्या सुधारणेनंतर, आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं, आणि लायसन्स तीन महिने अपात्र ठरतं. कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्याबद्दल आहे. गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, नियम एकच.

म्हणून माझी अट स्पष्ट असते. कॅट जागेवर राहील, डिझेलमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) जागेवर राहील, सायलेन्सर राहील. कॅट काढून नुसती नळी टाकून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. घोडबंदर रोडला जे लोक रोज तास-दोन तास ट्रॅफिकमध्ये धूर गिळतात, त्यात आपलीच मुलं आहेत. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि गाडी वॉरंटीत असेल तर तिचा विचार आधी करा.

पाइप विकत घेताना दोन ठिकाणी फसगत होते

पहिली मापाची. दुकानात 'दोन इंची पाइप द्या' म्हटलं तर कधी कधी प्लंबिंगच्या मापाचा पाइप हातात पडतो. एनबी, म्हणजे नाममात्र, मापातला दोन इंची बाहेरून ६०.३ मिमी असतो. एक्झॉस्टचा दोन इंची ओडी, म्हणजे बाहेरच्या व्यासाच्या, मापात असतो, बाहेरून ५०.८. फ्लँज (जोडाची चकती), बेलो (लवचीक तुकडा), क्लॅम्प सगळं ओडी मापात येतं. घरी येऊन काहीच कशात बसत नाही. व्हर्निअर खिशात ठेवा आणि दुकानातच लावून बघा.

दुसरी धातूची. २०२ ग्रेडचं स्टेनलेस ३०४ म्हणून विकलं जातं. चुंबक इथे उपयोगाचा नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. व्यापाऱ्याकडे टेस्टिंग लिक्विड असतं, त्याचा थेंब समोर टाकून घ्या. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात वाशी-नेरुळकडे २०२ चे जोड लवकर तांबूस होतात. कंपनीच्या पाइपात बहुधा ४०९ असतं. त्याला चुंबक चिकटतो म्हणून ते वाईट ठरत नाही. ते बाहेरून गंजाचा रंग धरतं पण उष्णता छान सोसतं. नवीन पाइप करायचाच तर मी ३०४, दीड मिलिमीटर घेतो.

वाकणं

इथे पैसे वाचवू नका. आत मँड्रेल (पाइप चपटा होऊ न देणारा दांडा) घालून वाकवलेला बेंड पूर्ण गोलाई राखतो. प्रेसवर दाबलेला चपटा होतो, आणि मग वर सांगितलं तसं तीन इंचीचं अडीच होतं. मँड्रेल बेंडने केलेली दोन इंची लाइन ही दाबून वाकवलेल्या सव्वादोन इंचीच्या तोडीची ठरू शकते. तयार ४५ आणि ९० अंशांचे मँड्रेल बेंड मिळतात, ते कापून जोडायचे. त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी हवी. तिरका काप घेऊन काटकोनात चिकटवलेला जोड तर अजिबात नको. असा एक कोपरा तीन-चार चांगल्या बेंडइतका अडवतो.

वेल्डिंग आर्गनने करून घ्या आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. नाहीतर आतल्या बाजूने टाका काळा, खडबडीत फुगतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. चांगला वेल्डर हे न सांगता करतो.

पाइप तापला की वाढतो. ३०४ चा तीन मीटरचा पाइप ३५० अंशांनी तापला तर साधारण १८ मिमी लांब होतो. इंजिनही स्टार्ट-बंदला हलतं. म्हणून पुढे जाळीचा बेलो हवाच, आणि हँगर रबरांवर पाइप मोकळा लटकायला हवा. बेलो काढून सरळ नळी जोडली की तडा टर्बोच्या फ्लँजपाशी जातो, आणि तो खर्च पाइपपेक्षा मोठा असतो. पेट्रोल टाकी, ब्रेक लाइन आणि मागच्या बंपरपासून बोटभर तरी अंतर ठेवा, कंपनीचे उष्णतेचे पत्रे परत बसवा. जमिनीपासूनचं अंतर पाच माणसं बसवून मोजा, रिकाम्या गाडीत नाही. ठाण्या-नवी मुंबईतले सोसायटीचे उतार आणि स्पीड ब्रेकर लक्षात घेता माझ्या मते पाइप मूळ पाइपपेक्षा एक सेंटिमीटरही खाली येऊ नये.

घुमणं

मोठा पाइप खालच्या सुराचा आवाज जास्त सोडतो. तीन सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा पेटतं, आणि तोच ५० हर्ट्झचा सूर ऐरोलीच्या मुलाचं डोकं दुखवत होता. या सुराला मारायला पाइपला एक टोक बंद असलेली फांदी जोडतात. तिची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी, ३०० अंश तापमानाला म्हणजे साधारण २.३५ मीटर. छोट्या गाडीखाली एवढी जागा कुठून आणणार? चार सिलिंडरला २४०० आरपीएमला ८० हर्ट्झ येतात, फांदी दीड मीटरची, तीही जेमतेम. म्हणून लहान गाडीत कंपनीचा मधला रेझोनेटर (घुमणं कमी करणारा डबा) काढूच नका. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा. वाशी ते नेरुळसारख्या छोट्या फेऱ्यांत आत साठणारं पाणी तिथून निघून जातं.

बसवल्यानंतर

आधी गळती. व्हॅक्युम क्लीनरची नळी उलट्या बाजूला जोडून तिची हवा मागून पाइपात सोडा, नळीभोवती फडकं गुंडाळा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा दिसला तर जोड पुन्हा. सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवतं. ॲव्हरेज पडतं ते असं.

मग ओबीडी लावून चार-पाच दिवस लॉग ठेवा. बूस्टवर लक्ष हवं. वाट मोकळी झाली की काही टर्बोंत वेस्टगेट (टर्बाइनला वगळून वायू बाहेर सोडणारी झडप) पुरेसा वायू वळवू शकत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट ठरलेल्याच्या वर चढत जातो. असं दिसलं तर पाय काढा आणि ट्यूनरकडे जा. इंजिनपेक्षा पाइप महत्त्वाचा नाही. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात कायम करत असलेली दुरुस्ती) आधीच्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकला तर गळती पुन्हा तपासा. स्कॅनरवर पी ०४२० कोड (कॅट नीट काम करत नसल्याची खूण) आला तर कॅट किंवा मागचा सेन्सर बघा. पीयूसीला २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप, अचूक असेल तर १) ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा, तो कागद जपून ठेवा.

ऐरोलीच्या गाडीला आम्ही कॅटपासून बेलोपर्यंत सव्वादोन इंची, पुढे दोन इंची मँड्रेल बेंडचा पाइप आणि त्याच्याच घरी पडून असलेला कंपनीचा रेझोनेटर बसवला. कॅटच्या मागचा दाब ०.०४ वरून ०.१२ झाला. २००० आरपीएमला बूस्ट आधीइतकाच भरत होता, लॉगवर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. आईवडिलांना मागे बसवून तो सोसायटीच्या उतारावरून तीनदा खालीवर गेला, पाइप कुठेही लागला नाही. ५०० किलोमीटरनंतर फ्लँजचे नट पुन्हा आवळायला त्याला बोलावलं, तेव्हा दोन नट पाव फेरा फिरले.